पुस्तकांची एकच खोली

श्रोत्यांपैकी ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांच्यातील काहींनी तरी नातवाच्या दप्तरात 'द गिव्हर' नावाची लहानशी कादंबरी पाहिली असेल. दुपारच्या वेळी ती चाळलीही असेल, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या हाती शाळेने हे काय दिले, अशी शंका मनात येऊन गेली असेल. ही शंका अस्थानी नाही. त्या देशातील पुष्कळ पालकांनाही ती आली, आणि काही ठिकाणी तिचे रूपांतर लेखी तक्रारीत झाले. भयाण भविष्य रंगविणारे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयाने कुमारवयीन वाचकांपुढे ठेवावे की नाही, आणि ठेवले तर ग्रंथपालाने पुढे काय करावे, हा प्रश्न आम्ही या एका कादंबरीच्या आधाराने उलगडून पाहणार आहोत.

प्रथम या वाङ्मयप्रकाराविषयी दोन शब्द. सर थॉमस मोर याने १५१६ साली एका काल्पनिक सुराज्याचे वर्णन लिहिले आणि त्याला 'युटोपिया' हे नाव दिले. त्याच्या उलट चित्राला पुढे 'डिस्टोपिया' म्हणू लागले. आपण त्यास दुःस्वप्ननगरी म्हणू. मात्र येथे रावणाची लंका डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. लंकेत वाईट काय ते सर्वांना ठाऊक असते. दुःस्वप्ननगरी स्वतःला रामराज्य म्हणवते, आणि तिचे बहुतेक नागरिक ते मनापासून खरे मानतात. हक्स्ले याची १९३२ ची व ऑर्वेल याची १९४९ ची कादंबरी आपल्या वाचकांस परिचित आहे. त्या प्रौढांसाठी होत्या. कुमारांसाठी लिहिलेल्या अशा कादंबऱ्यांत लोइस लोवरी या लेखिकेची 'द गिव्हर' (१९९३) हा महत्त्वाचा टप्पा ठरला. तिला १९९४ साली न्यूबेरी पदक मिळाले. अमेरिकेत बालवाङ्मयासाठी याहून मोठा मान नाही.

कथा थोडक्यात अशी. जोनस नावाचा मुलगा एका नीटनेटक्या वस्तीत राहतो. तेथे भूक नाही, भांडण नाही, थंडी-वारा नाही. प्रत्येक कुटुंबाला अर्ज केल्यावर एक मुलगा व एक मुलगी मिळते. नऊ वर्षे पुरी झाली की सायकल मिळते, बारा पुरी झाली की वडील मंडळींची समिती तुमचा धंदा ठरवून देते. रोज रात्री घरात प्रत्येकाने आपल्या भावना सांगावयाच्या आणि इतरांनी समजूत घालावयाची. वाचणारे मूल पहिली पन्नास पाने म्हणते, किती छान! मग हळूहळू ध्यानात येते की या लोकांना रंग दिसत नाहीत. टेकड्या नाहीत, बर्फ नाही, संगीत नाही. जुन्या काळची सारी आठवण, सुखाची आणि दुःखाचीही, एकाच वृद्धाच्या स्वाधीन केलेली आहे. त्याने ती सोसावी, म्हणजे इतरांना सोसावी लागणार नाही. त्याचा वारस म्हणून जोनसची निवड होते. बर्फावरून घसरगाडीने जाण्याचा आनंद त्याला मिळतो, आणि पुढे रणांगणावरची तहानही मिळते. वस्तीत कोणाला 'मुक्त' करतात म्हणजे नेमके काय करतात, तेही त्याला एके दिवशी पाहावे लागते. त्याचे वडील, तान्ह्या मुलांची निगा राखणारे प्रेमळ गृहस्थ, जुळ्यांपैकी हलक्या वजनाच्या बाळाला सुई टोचून मारतात आणि वर त्याचा लाडक्या आवाजात निरोपही घेतात. हे पान वाचून मोठी माणसेही गप्प होतात.

ग्रंथालयाच्या दृष्टीने या कथेतील एक तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. जोनसच्या घरी तीनच पुस्तके आहेत: शब्दकोश, वस्तीच्या माहितीचा ग्रंथ आणि नियमावली. सर्वांच्याच घरी तेवढीच. तो प्रथम वृद्धाच्या खोलीत जातो तेव्हा भिंतीच्या भिंती पुस्तकांनी भरलेल्या पाहून थबकतो. सबंध नगरीत पुस्तकांची अशी खोली एकच, आणि घरोघर बोलणारा सरकारी ध्वनिक्षेपक बंद करण्याची कळही त्या एकाच खोलीत. तेथे येणाऱ्याला कोणालाही कोणताही प्रश्न विचारण्याची मुभा आहे. शाळेच्या ग्रंथपालाला आपल्या कामाचे याहून चांगले वर्णन कोठे सापडावे?

लेखिकेने पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात या कथेची मुळे सांगितली होती. महायुद्धानंतर तिचे वडील सैन्याच्या नोकरीत जपानात होते, आणि अकरा वर्षांची लोइस टोकियोत कुंपण घातलेल्या एका अमेरिकन वसाहतीत राहत होती. आत घरे अमेरिकन, शेजारी अमेरिकन. ती सायकल घेऊन फाटकाबाहेर पडे आणि खऱ्या टोकियोत हिंडे. पुढे अनेक वर्षांनी आपण तेथेच का राहिलो, असे तिने आईला विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की तेथे सारे ओळखीचे आणि सुरक्षित होते. दुसरे मूळ वडिलांच्या म्हातारपणाचे. त्यांची स्मृती जात चालली होती. थोरली मुलगी तरुणपणीच वारली हे ते विसरत, आणि ते दुःख विसरल्यामुळे सुखी असत. सुरक्षितपणासाठी काय गमवावे आणि विसरण्याचे सुख खरे सुख आहे काय, हे दोन प्रश्न त्यातून जन्मले. वृद्ध आईवडिलांची सेवा केलेल्या कोणालाही ते परके वाटू नयेत.

आता असे पुस्तक वर्गात शिकवणे निराळे आणि ग्रंथालयात वाचणे निराळे. वर्गात धडा असतो, धड्यामागे प्रश्नोत्तरे असतात, आणि प्रश्नोत्तरांमागे गुण. उत्तर चुकेल या भीतीने मूल स्वतःचे मत सांगत नाही. ग्रंथालयाला गुण देता येत नाहीत, आणि हेच त्याचे बळ. १९९८ साली सिॲटल शहराच्या ग्रंथालयाने सबंध गावाने एकच पुस्तक वाचावे असा उपक्रम केला. त्यावरून पुढे शाळांनीही एक शाळा, एक पुस्तक अशी प्रथा उचलली. ग्रंथपाल पुस्तकाच्या भरपूर प्रती मिळवतो, शिक्षकांना, शिपायांना, पालकांनाही देतो, आणि जेवणाच्या सुटीत दहा-बारा मुलांचा गट बसवून बोलू देतो.

बोलू देतो म्हणजे काय? कादंबरीतील बारा वर्षांच्या समारंभाची नक्कल पुष्कळ ठिकाणी करतात. मुलांच्या हाती धंद्याच्या चिठ्ठ्या देतात आणि सांगतात, हा तुझा जन्माचा व्यवसाय, बदल होणार नाही. थोडा वेळ हशा होतो, मग कोणीतरी चिडते. त्या चिडण्यापासून खरी चर्चा सुरू होते. समितीने अचूक निवड केली असेल, तर स्वतः निवडण्याचा हट्ट का? (दहावीच्या निकालानंतर आपल्याकडे घरोघर जी समिती बसते, तिच्या सभासदांनीही हा प्रश्न चघळावयास हरकत नाही.) दुसरा उपक्रम आम्हांस याहून अधिक पसंत आहे. प्रत्येक मुलाने घरातील वा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीला दोन आठवणी विचारून लिहून आणावयाच्या, एक जपून ठेवावीशी वाटणारी आणि एक विसरावीशी वाटणारी. ही वही ग्रंथालयातच ठेवावी. एवढ्यात मुलांना कळते की दुसरीशिवाय पहिलीला फारसा अर्थ उरत नाही, आणि ते कोणी सांगावे लागत नाही.

याउलट चुकीचा मार्गही पाहावयास मिळतो. सुझन कॉलिन्स यांची 'द हंगर गेम्स' ही कादंबरी २००८ साली आली, २०१२ साली तिचा चित्रपट झाला, आणि अनेक ग्रंथालयांनी तिच्या नावाने मेळे भरवले. धनुष्यबाण, वेषभूषा, स्पर्धा, बक्षिसे. गर्दी भरपूर झाली. पण त्या कादंबरीत राजधानीचे लोक काय करतात? गरीब प्रांतांतील मुलांनी एकमेकांना मारण्याचा खेळ ते नटूनथटून, पैजा लावून पाहतात. दूरदर्शनवर एका वाहिनीवर स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीवर इराक युद्धाची दृश्ये पाहताना ही कल्पना सुचली, असे लेखिकेने सांगितले आहे. पुस्तकात ज्या प्रेक्षकांचा धिक्कार आहे, त्यांचीच भूमिका आपण मुलांना हौसेने करावयास लावली, हे त्या मेळ्यांत कितीजणांच्या ध्यानात आले असेल? गर्दीच्या आकड्यावर ग्रंथालयाचे यश मोजले की असे होते.

राहिला तक्रारीचा प्रश्न. बाळाचा वध, वृद्धांचा वध आणि एका मुलीने स्वतः मागून घेतलेला मृत्यू, या तीन गोष्टींमुळे 'द गिव्हर' वर सतत हरकती आल्या. अमेरिकन ग्रंथालय संघाने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातील सर्वाधिक हरकतींच्या शंभर पुस्तकांची यादी केली, तीत ते बरेच वर होते. मुलांना दुःखाचा वाराही लागू नये म्हणून आठवणी कुलूपबंद करणाऱ्या नगरीची गोष्ट, आणि ती गोष्टच कुलूपबंद करावी ही मागणी! तरीही तक्रार करणाऱ्या आईला हसणे आम्हांस मान्य नाही. ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, तेथील मुलाला हे पुस्तक जड जाईल, हे ग्रंथपालापेक्षा तिला अधिक कळते. म्हणून चांगल्या ग्रंथालयात रीत ठरलेली असते: तक्रार लेखी घ्यावी, पुस्तक सबंध वाचलेल्यांच्या समितीपुढे ठेवावी, निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहू द्यावे, आणि त्या मुलाला दुसरे पुस्तक द्यावे. आपल्या मुलाविषयी ठरविण्याचा अधिकार आईचा. शेजारणीच्या मुलाविषयी ठरविण्याचा नव्हे.

कायद्याने हा वाद मिटलेला नाही. न्यू यॉर्क राज्यातील एका शाळामंडळाने ग्रंथालयातून काढलेल्या पुस्तकांसाठी स्टीव्हन पिको व इतर विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला, पण न्यायाधीशांत कारणांविषयी बहुमत झाले नाही. २०२५ साली टेक्सासमधील लॅनो परगण्याच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या खटल्यात एका संघीय अपील न्यायालयाने तर वाचकांच्या विरुद्ध कौल दिला. तेव्हा पुष्कळसा भार अजूनही ग्रंथपालाच्या विवेकावर आणि त्याच्या लेखी नियमांवरच आहे.

शेवटी एक बारीकशी गोष्ट. कादंबरीच्या अखेरीस जोनस एका तान्ह्या बाळाला घेऊन बर्फातून पळतो आहे. दूर दिवे दिसतात, गाणे ऐकू येते, आणि पुस्तक संपते. ते दोघे वाचले की गोठून मेले? लेखिकेला याविषयी मुलांची असंख्य पत्रे आली. पुढे तिने २०००, २००४ आणि २०१२ साली आणखी तीन कादंबऱ्या लिहिल्या, आणि त्यांत उत्तर मिळते. आमच्या मते ग्रंथपालाने हे तीन भाग त्या महिन्यात उघड्या फळीवर मांडू नयेत, आपल्या मेजाच्या खणात ठेवावेत. मूल धावत येऊन विचारील, 'जोनस जगला का?' आधी त्याला विचारावे, 'तुला काय वाटते?' त्याचे उत्तर, कारणांसह, दोन ओळींत वहीत उतरवून घ्यावे, आणि मग खण उघडावा.