विलायतेत मर्सिडीज भाड्याने चालवायची? आधी कौन्सिलचे कागद पाहा

रत्नागिरी, रायगड आणि मुंबईकडची बरीच मुसलमान कुटुंबे गेल्या काही दशकांत इंग्लंडात जाऊन स्थिरावली आहेत. तिकडच्या दक्षिण आशियाई मुसलमानांत टॅक्सीचा धंदा मोठा आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. कुणाचा मेहुणा, कुणाचा चुलत भाऊ त्या व्यवसायात असतोच. काही वर्षे साधी मिनीकॅब चालवली, शनिवारच्या रात्रीचे झिंगलेले प्रवासी सोसले, की माणसाच्या मनात पुढची पायरी येते. एखादी मर्सिडीज किंवा बीएमडब्ल्यू घ्यावी, अंगावर सूट चढवावी आणि विमानतळ, मोठ्या कंपन्या व हॉटेले यांचे काम धरावे. भाडे चांगले आणि कटकट कमी. या धंद्याला तिकडे ‘एक्झिक्युटिव्ह हायर’ म्हणतात. त्यासाठी लागणारे भांडवल पुष्कळदा घरच्यांकडून उभे राहते, कधी कधी गावाकडूनही जाते. म्हणून हा विषय केवळ तिकडच्यांचा नाही.

आम्ही या पानावर तो घेत आहोत तो एका गैरसमजामुळे. गाडी महागडी, गिऱ्हाईक ठरलेले, बाहेर टॅक्सीची पाटी नाही, तेव्हा परवान्याची भानगडही कमी, असे अनेकांना वाटते. कायदा नेमके उलटे सांगतो.

आपले आरटीओ, त्यांचे कौन्सिल

आपल्याकडे गाडीची नोंदणी, फिटनेस, परमिट, ड्रायव्हरचा बॅज अशी सारी कामे आरटीओच्या छताखाली होतात. ब्रिटनमध्ये गाडीची नोंदणी आणि साधे ड्रायव्हिंग लायसन्स डीव्हीएलए हे सरकारी खाते देते, पण भाड्याने माणसे नेण्याचा परवाना स्थानिक कौन्सिल देते. म्हणजे आपल्याकडे नगरपालिकेने टॅक्सीचे परमिट द्यावे, तसा तो प्रकार. आणखी एक फरक नव्या माणसाला गोंधळात टाकतो. आपल्याकडे पिवळ्या नंबरप्लेटवरून भाड्याची गाडी ओळखू येते. तिकडे प्रत्येक गाडीची पुढची नंबरप्लेट पांढरी आणि मागची पिवळी असते, मग ती भाड्याची असो वा घरची. भाड्याची गाडी ओळखायची ती कौन्सिलने दिलेल्या वेगळ्या पाटीवरून.

लंडन वगळता इंग्लंड आणि वेल्समध्ये हा कारभार १९७६ च्या स्थानिक शासन (संकीर्ण तरतुदी) कायद्याने चालतो. लंडनसाठी १९९८ चा वेगळा कायदा असून परवाने ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही संस्था देते. ड्रायव्हर सोडून आठपर्यंत प्रवासी बसणारी, ड्रायव्हरसह भाड्याने दिली जाणारी गाडी ‘प्रायव्हेट हायर’मध्ये मोडते. काळ्या टॅक्सीप्रमाणे ती रस्त्यात हात दाखवून थांबवता येत नाही. तिचे बुकिंग आधीच, आणि तेही परवानाधारक ऑपरेटरमार्फत झालेले असावे लागते.

या धंद्याला तीन परवाने लागतात: गाडीचा, ड्रायव्हरचा आणि ऑपरेटरचा. तिन्ही एकाच कौन्सिलचे असले पाहिजेत, हे १९९३ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका खटल्यात पक्के झाले. एका गावचा बॅज आणि दुसऱ्या गावची गाडी चालत नाही. तिसऱ्या परवान्याचा अनेकांना विसर पडतो. ‘माझी एकच गाडी, मीच मालक, मीच ड्रायव्हर, मग ऑपरेटर कसला?’ असा प्रश्न येतो. पण बुकिंग जो घेतो तो ऑपरेटर, मग त्याची एक गाडी असो की शंभर. स्वतःच्या मोबाइलवर गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा असेल तर हा परवाना स्वतःच्या नावे हवा, नाहीतर दुसऱ्या परवानाधारक ऑपरेटरच्या हाताखाली काम करावे. ऑपरेटरने प्रत्येक बुकिंगची नोंद ठेवायची असते, आणि २०२० च्या सरकारी निकषांप्रमाणे ती किमान सहा महिने जपायची असते.

पाटीची सूट म्हणजे परवान्याची सूट नव्हे

मग ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणजे काय? १९७६ च्या कायद्यात या नावाचा वेगळा परवानाच नाही. आहे ते कलम ७५ (३). प्रायव्हेट हायरचा परवाना ज्या गाडीला आधीच मिळालेला आहे, तिच्या मालकाला कौन्सिल लेखी नोटीस देऊन कळवू शकते की अमुक प्रसंगी, किंवा ही नोटीस गाडीत असेपर्यंत, बाहेर पाटी लावायची गरज नाही. त्या वेळी ड्रायव्हरने बॅज अंगावर लावण्याचीही सक्ती राहत नाही. एवढेच. तिन्ही परवाने जसेच्या तसे लागतात आणि ही सूट त्यांच्या वर मिळते. शिवाय ती देणे कौन्सिलच्या मर्जीवर असते. गाडी महाग आहे म्हणून ती हक्काने मागता येत नाही.

सूट देण्यामागे कारण आहे. कंपनीचा संचालक किंवा परदेशी पाहुणा आपण कुठे जातो हे उघड करू इच्छित नसतो, काहींना सुरक्षिततेची काळजी असते. उलट, पाटी ही प्रवाशाचे रक्षण करणारी खूण आहे, ती उगाच का काढावी, असे कौन्सिलचे अधिकारी म्हणतात. आम्हाला त्यांचेही म्हणणे पटते. एकट्या बाईमाणसाने रात्री गाडीत बसताना पाटी नाही तर पाहायचे काय?

म्हणून कौन्सिले या सुटीसाठी आपापले धोरण ठरवतात. गाडी वरच्या दर्जाची हवी (मर्सिडीज एस क्लास, बीएमडब्ल्यू सेव्हन सिरीज, ऑडी ए-एट ही नेहमीची उदाहरणे), तिच्यावर जाहिरात नको, मीटर नको, ड्रायव्हर सुटाबुटात हवा, काम कंपन्यांचे व आधी ठरलेले हवे आणि त्याचा पुरावा, म्हणजे करारपत्रे किंवा कंपन्यांची पत्रे, जोडावा, अशा अटी बऱ्याच ठिकाणी दिसतात. बाहेरची पाटी काढली तरी ती डिकीत बसवून ठेवा, असेही सांगितले जाते. पण एका कौन्सिलला चालणारे मॉडेल शेजारच्या कौन्सिलला चालेलच असे नाही. गाडीच्या वयाची अट वेगळी, काळ्या काचांचा नियम वेगळा.

नुकसान होते ते इथे. समजा, एकाने भावाकडून रक्कम घेतली, उरलेले हप्ते बांधले आणि सहा वर्षांची मर्सिडीज ई क्लास दारात उभी केली. मग कौन्सिलकडे गेला, तेव्हा कळले की धोरणात वय पाच वर्षांपर्यंतच आहे. सूट मिळाली नाही तर साध्या मिनीकॅबच्या दरात मर्सिडीजचा विमा आणि देखभाल भरत बसायचे. लंडनमध्ये तर १ जानेवारी २०२३ पासून नव्याने परवाना घेणारी प्रायव्हेट हायर गाडी शून्य उत्सर्जनाची क्षमता असलेलीच लागते, म्हणजे विजेवरची किंवा ठराविक निकषांची प्लग-इन हायब्रिड. जुनी डिझेल मर्सिडीज कितीही झकपक असली तरी तिथे नव्याने परवाना मिळणार नाही. तेव्हा आधी धोरणाची प्रत मिळवावी, मग आपण घेऊ इच्छितो त्या मॉडेलविषयी कौन्सिलच्या लायसन्सिंग खात्याला लेखी विचारावे आणि लेखी उत्तर हाती आल्यावरच गाडीचा सौदा करावा.

जुने लोक कधी कधी सांगतात, ‘आम्ही वर्षानुवर्षे परवान्याशिवाय कंपनीचे काम केले.’ ते खोटे बोलत नाहीत. पूर्वी सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कराराने दिलेल्या गाडीला परवान्यातून सूट होती आणि बरेच शोफर तिच्या आधारे धंदा करत. २००६ च्या रस्ता सुरक्षा कायद्याने ती काढून टाकली व जानेवारी २००८ पासून ती बंद झाली. तरीही तो सल्ला अजून तोंडोतोंडी फिरतो.

लग्नाची गाडी

लग्नाच्या कामासाठी वापरात असताना गाडीला प्रायव्हेट हायरचा परवाना लागत नाही, ही सूट मात्र आजही आहे. नवऱ्यामुलासाठी सजवलेली रोल्स रॉइस किंवा मर्सिडीज भाड्याने देणारे तिकडे पुष्कळ आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण ही सूट लग्नापुरती आहे. आठवड्याचे पाच दिवस गाडी रिकामी उभी राहते म्हणून तीच हीथ्रोला प्रवासी सोडायला नेली, शाळेच्या निरोपसमारंभाला मुले न्यायला दिली, की परवाना लागलाच. विमानतळाच्या त्या एका फेरीत परवान्याचा भंग होतो आणि भाड्याच्या कामाचा विमा नसेल तर गाडी विम्याविना धरली जाते. विम्याविना गाडी चालवली तर लायसन्सवर सहा ते आठ पेनल्टी पॉइंट, मर्यादा नसलेला दंड, शिवाय पोलिसांना गाडी जप्त करता येते. अपघात झाला तर काय, ते वाचकांनीच ठरवावे.

ड्रायव्हरचा बॅज

इथून नव्याने गेलेल्या तरुणांसाठी हा भाग महत्त्वाचा. भारतीय लायसन्सवर तिथल्या रहिवाशाला फक्त बारा महिने गाडी चालवता येते. ते बदलून मिळत नाही, ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते. प्रायव्हेट हायरच्या बॅजसाठी पूर्ण ब्रिटिश लायसन्स किमान बारा महिने हातात असावे लागते आणि त्यात भारतीय लायसन्सची वर्षे धरत नाहीत. लंडनमध्ये ही मुदत तीन वर्षे आहे.

पुढे ‘लायक व योग्य व्यक्ती’ ही कसोटी येते. डीबीएस या सरकारी खात्याकडून गुन्ह्यांची सखोल तपासणी होते, आणि २०२० च्या निकषांप्रमाणे बॅज असेपर्यंत ती दर सहा महिन्यांनी व्हावी अशी अपेक्षा आहे. अठरा वर्षांनंतर सलग तीन महिने किंवा अधिक काळ ब्रिटनबाहेर राहिलेल्याकडून त्या देशाचा चांगल्या वर्तणुकीचा दाखलाही मागावा, असे हे निकष सांगतात. आपल्या माणसाला ही अट अडचणीची ठरते. कारण अनेकजण आधी सौदी, कुवेत किंवा दुबईत नोकरी करून मग विलायतेला पोहोचलेले असतात. भारताचा पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट ऑफिसातून काढता येतो, पण आखाती देशाचा दाखला तिथून निघून गेल्यावर मिळवणे जिकिरीचे होते. जे आज आखातात आहेत आणि पुढे विलायतेला जाणार आहेत, त्यांनी निघण्यापूर्वीच तो काढून ठेवावा.

मोबाइल हातात धरून गाडी चालवल्याची शिक्षा झाली तर पाच वर्षे, आणि दारू पिऊन चालवल्याबद्दल किंवा अफरातफरीबद्दल झाली तर सात वर्षे बॅज देऊ नये, असे सरकारी निकष आहेत. एका कौन्सिलने नाकारलेला अर्ज लपवून दुसरीकडे जाण्याचा मार्गही राहिलेला नाही. नकार आणि रद्द केलेल्या परवान्यांची देशपातळीवर नोंदवही आहे आणि २०२२ च्या कायद्याने इंग्लंडमधील कौन्सिलांना तिचा वापर बंधनकारक केला.

व्हिसाबद्दल तर स्पष्टच लिहितो. १ डिसेंबर २०१६ पासून परवाना देताना कामाचा हक्क तपासला जातो. प्रायव्हेट हायरचे बहुतेक ड्रायव्हर स्वयंरोजगारी असतात आणि विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे. ड्रायव्हरच्या नोकरीसाठी कुशल कामगाराचा व्हिसा मिळत नाही. ‘शोफरच्या नोकरीवर पाठवतो’ असे सांगून कुणी एजंट लाखोंची रक्कम मागत असेल, तर त्याला दरवाजा दाखवावा.

एक गोष्ट आपल्या भावांना अवघड जाते, ती टाळून चालणार नाही. अंध किंवा अपंग प्रवाशासोबत मदतनीस कुत्रा असेल तर २०१० च्या समानता कायद्याने ड्रायव्हरला त्याला गाडीत घ्यावेच लागते, आणि वर एक पैसाही जास्त मागता येत नाही. यातून सुटका केवळ वैद्यकीय कारणाने व कौन्सिलच्या दाखल्यानेच मिळते. धार्मिक कारण पुढे करून नकार दिलेल्यांवर खटले झाले आहेत. कुत्र्यासाठी मागच्या बाजूला वेगळी चादर ठेवली की काम भागते.

आणखी थोडे. ४ एप्रिल २०२२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये परवान्याच्या नूतनीकरणाला कर खात्याकडून मिळालेला तपासणी क्रमांक लागतो, म्हणून उत्पन्न कागदावर दाखवलेले हवे. आपल्या गावच्या कौन्सिलपेक्षा सोपे पडते म्हणून वुल्व्हरहॅम्प्टनसारख्या दूरच्या कौन्सिलचा परवाना घेऊन आपल्याच गावी काम करणारे हजारो आहेत. आजवर ते कायद्यात बसत आले, पण जून २०२५ मधील बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने ही पद्धत थांबवण्याची शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली. त्या भरवशावर नवी गाडी घेणाऱ्याने हे लक्षात घ्यावे.

परवाना नाकारला किंवा काढून घेतला तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येते. त्याची मुदत निर्णयाची नोटीस मिळाल्यापासून २१ दिवस आहे. लिफाफा आला की तो त्याच दिवशी उघडावा, आलेली तारीख वर लिहून ठेवावी आणि लायसन्सिंगची कामे करणाऱ्या सॉलिसिटरला त्याच आठवड्यात गाठावे. कौन्सिलच्या अधिकाऱ्याशी बोलणी चालू आहेत म्हणून २१ दिवसांची मोजणी थांबत नाही.