सदरचे कॅथेड्रल आणि सहा चर्चसंस्थांचा संगम

नागपूर : इंग्लंडमधील वेल्स हे जेमतेम ११-१२ हजार वस्तीचे गाव, तरीही ते 'सिटी' म्हणवते, ते तेथील कॅथेड्रलच्या बळावर. कॅथेड्रल म्हणजे मोठे चर्च, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात बिशपचे आसन जेथे असते, ते कॅथेड्रल. सदरमधील ऑल सेंट्स चर्चला हा मान लाभला तो नागपूर धर्मप्रांत १९०३ मध्ये स्थापन होऊन आयर चॅटरटन पहिले बिशप झाल्यावर. वास्तू त्याआधीचीच, तिच्या विस्ताराचा आराखडा नामवंत इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांचा. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कॅथेड्रलच्या मूळ आराखड्यातही पुढे त्यांचाच हात होता, हे नागपूरकरांच्या क्वचितच ध्यानी असते.

या वास्तूचे खरे महत्त्व मात्र २९ नोव्हेंबर १९७० या दिवसाशी निगडित आहे. त्या दिवशी सहा प्रोटेस्टंट चर्चसंस्था येथे एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' जन्मास आले. त्यासाठीच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. मोठा पेच बाप्तिस्म्याचा होता : तो तान्ह्या बाळाला द्यावा, की जाणत्या वयात स्वतः श्रद्धा प्रकट केल्यावर? अखेर दोन्ही पद्धती ग्राह्य ठरल्या. इतके होऊनही अमेरिकी परंपरेतील मेथॉडिस्ट चर्चने त्याच वर्षी ऐनवेळी माघार घेतली. ते आजही स्वतंत्र आहे.