क्योतोच्या दफ्तरातील वसंत

जपानची प्राचीन राजधानी क्योतो येथील दरबारी मंडळींनी व मठवासी भिक्षूंनी साकुरा म्हणजेच चेरीच्या बहराच्या तारखा नवव्या शतकापासून आपल्या रोजनिशांत नमूद करून ठेवल्या, आणि संशोधक यासुयुकी आओनो यांनी हे विखुरलेले दफ्तर परिश्रमपूर्वक जुळविले, म्हणूनच सुमारे बाराशे वर्षांच्या ऋतुचक्राचा हा दुर्मिळ दस्तऐवज आज उपलब्ध आहे. शतकानुशतके साधारणतः एप्रिलच्या मध्यास येणारा पूर्ण बहर २०२१ साली २६ मार्चलाच आला. १४०९ मधील २७ मार्चची नोंदही मागे पडली. जागतिक तापमानवृद्धीबरोबरच नगरविस्ताराने वाढलेली स्थानिक उष्णताही यास कारणीभूत आहे, हे सांगितलेच पाहिजे. मात्र कळ्यांची सुप्तावस्था संपण्यास आधी पुरेशी थंडी लागते. ती उणावली, तर बहर लवकर येण्याऐवजी उलट लांबतो.