आधी श्वास सोडा

घाबरलेल्या माणसाला आपण हमखास सांगतो, ‘मोठा श्वास घे.’ सल्ला मायेचा असतो, पण अर्धाच. घाबरलेला माणूस बहुतेक वेळा आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असतो.

निवांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. परीक्षेच्या हॉलबाहेर किंवा मध्यरात्री अंथरुणात भीतीने गाठलं की छाती भराभर वरखाली होऊ लागते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर घटतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरायला लागतं. ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. कधी बोटं आखडतात. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, तरी जीव गुदमरतोय असंच वाटतं. मग माणूस आणखी जोरात श्वास ओढतो आणि त्रास वाढतच जातो. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याची जुनी युक्ती मात्र करू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती जिवावर बेतू शकते.

खरा आधार श्वास सोडण्यात आहे. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. मनगटावर नाडी धरून शांत बसलात, तर हा फरक अनेकांना स्वतःच्या बोटांखाली कळतो. हृदयाचा वेग कमी ठेवणारी व्हेगस नस उच्छ्वासाच्या वेळी जास्त जोमाने काम करते. हृदयाला आपण थेट हुकूम देऊ शकत नाही. श्वास आपोआपही चालतो आणि आपलं ऐकतोही.

लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केलं आणि प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. पुढे २००१ मध्ये इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांना आढळलं, की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणा किंवा ‘ॐ मणि पद्मे हूं’ हा मंत्र, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. आपल्या घराघरांत संध्याकाळी संथपणे म्हटल्या जाणाऱ्या रामरक्षेचं, हरिपाठाचंही असंच काही होत असावं, असं मला मनापासून वाटतं.

करायचं ते सोपं आहे. पाय जमिनीला टेकवून बसा, एक हात पोटावर ठेवा. आधी आतली हवा, गरम चहावर फुंकर घालावी तशी, सावकाश सोडा. मग चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या. पोटावरचा हात वर आला पाहिजे. सहा आकडे मोजत सोडा. चार-सहा जमत नसेल तर तीन-पाच करा, ओढाताण नको. श्वास रोखू नका. कपालभाती, भस्त्रिका यांसारखे वेगवान प्रकार अशा वेळी टाळाच. चक्कर आली तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या.

हा सराव मन शांत असताना रोज पाच मिनिटं करा. ऐन भीतीत पहिल्यांदा करायला गेलात तर आकडेसुद्धा आठवत नाहीत.

छातीत दुखत असेल, घाम फुटला असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर मात्र श्वास मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा. आणि भीती आठवडेच्या आठवडे झोप, काम, जेवण बिघडवत असेल तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.