हस्तधारित बारकोड स्कॅनर
हस्तधारित बारकोड स्कॅनर हे वस्तूवरील उभ्या रेघांत साठवलेली माहिती प्रकाशाच्या साहाय्याने वाचणारे उपकरण आहे. काळ्या रेघा प्रकाश शोषतात, तर पांढऱ्या जागा तो परावर्तित करतात. या फरकावरून संकेत उलगडला जातो. लेझर स्कॅनरची लाल प्रकाशरेषा सर्व रेघांना छेदून दोन्ही टोकांच्या कोऱ्या जागेपर्यंत पोहोचावी लागते. रेघांचा काही भाग फाटला असल्यास प्रकाशरेषा शाबूत पट्ट्यावर धरावी. चकचकीत वेष्टनावरून प्रकाश थेट परतून वाचन बिघडू नये, म्हणून स्कॅनर किंचित तिरपा धरतात. ईएएन-१३ या १३ अंकी संकेतातील शेवटचा अंक पडताळणीचा असल्याने बहुतेक चुकीची वाचने नाकारली जातात. लेझरचा झोत कोणाच्याही डोळ्यांवर रोखू नये.