चौकशीला कुणाला उचलायचं?

तेलगावहून परळीकडे जाताना दिंद्रुड लागतं. माजलगाव तालुक्यातलं गाव, पण स्वतःचं पोलीस ठाणं असलेलं. समजा, या हद्दीत रात्रीतून कुणाची सोयाबीनची पोती गेली. सकाळी तक्रार आली आणि जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "माळावर पारध्यांची पालं पडलीत, आधी तिकडं बघा." पुढच्या तासाभरात शिपाई काय करतो, त्यातच त्याला हक्कांबद्दल काय शिकवलं गेलं ते कळतं.

आदिवासी मुलखात सैनिकांनी कसं वागावं, याची चर्चा जगभर चालते. मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांनी १३ सप्टेंबर २००७ रोजी मंजूर केला. भारतानं बाजूनं मत दिलं. त्याचं तिसावं कलम सांगतं की, या समाजांच्या भूमीवर लष्करी हालचाल करण्याआधी त्यांच्याशी बोला. बीडच्या माळावर लष्कर कुठलं यायला? इथल्या आदिवासीला सरकार भेटतं ते खाकीत.

पारधी राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. त्याआधी ते दुसऱ्याच यादीत होते. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या, त्यांच्यामागे हजेरी लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. सवय मात्र कायद्याबरोबर गेली नाही.

दिंद्रुडचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. त्याच राज्यात, जोडेघाटला, १९४० साली गोंडांचा नेता कोमरम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. मग दरबाराला प्रश्न पडला, हे लोक का उठले? मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना आदिलाबादकडे धाडलं गेलं, आणि १९४३ मध्ये तिथल्या मारलवाईला गोंड तरुणांना शिक्षक म्हणून घडवणं सुरू झालं. गोंडीची पुस्तकं देवनागरीत निघाली. शहाणपण आलं, पण गोळीबारानंतर.

गडचिरोलीत १९९० मध्ये पोलिसांचं नक्षलविरोधी सी-६० पथक उभं राहिलं, तेव्हा त्यात माडिया-गोंडी बोलणारी स्थानिक मुलं घेतली. भाषेनं गावात जाणं सोपं होतं, हे खरं. पण चकमकीसाठी शिकलेल्या जवानाला ग्रामसभेपुढे कसं बसायचं, हेही आपोआप येतं असं समजू नये. ते वेगळं शिकवावं लागतं.

आता त्या सोयाबीनच्या पोत्यांकडे वळू. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, गरज नसेल तर नोटीस द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात बजावलं. हीच तरतूद आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. झडती घ्यायची तर चित्रीकरण करा, असं कलम १०५ सांगतं. सूर्यास्तानंतर बाईला अटक अपवादानंच, तीही महिला अधिकाऱ्यानं दंडाधिकाऱ्यांची परवानगी काढून. अटक झालीच तर चोवीस तासांत न्यायालयापुढे. यातलं काहीही पारध्यांसाठी खास केलेलं नाही. गावातल्या पाटलाला जे मिळतं, तेवढंच. पण पालाजवळ गाडी थांबली की नेमकं हेच विसरलं जातं. "चौकशीला" नेलेल्या माणसाची स्टेशन डायरीत नोंद झाली नाही, तर ते चोवीस तास मोजायचे कुठून?

दुसरी गाठ ठाण्यातल्या कागदांची. मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, मागास आणि विमुक्त, म्हणजे एकेकाळी गुन्हेगार ठरवलेल्या, समाजांतल्या माणसांची नावं केवळ पूर्वग्रहापोटी हिस्ट्रीशीटमध्ये चढवू नका. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, तुरुंगातल्या जातिभेदावरच्या सुकन्या शांता निकालात, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये यासाठी पोलिसांनी अर्नेश कुमार आणि अमानतुल्ला खान हे दोन्ही निकाल पाळावेत, असा आदेश आला. म्हणजे नियम कमी नाहीत.

कमी पडतं ते शिकवणं. नवा शिपाई प्रशिक्षण केंद्रात कलमं पाठ करतो, पण खरा वर्ग ठाण्यात भरतो आणि तिथले गुरुजी म्हणजे जुने हवालदार. "अमक्या चोरीला अमकी जमात" हा धडा कुठल्या पुस्तकात नाही. रात्रीच्या गस्तीत तो तोंडी मिळतो. म्हणून केंद्रातल्या व्याख्यानापेक्षा ठाण्यातली रोजची विचारणा महत्त्वाची वाटते. हे नाव का घेतलं? माहिती कुणाची? कारण लिहून दे. जात वगळून कारण लिहिता आलं नाही, तर ते कारणच नव्हे.

लातूरच्या बाभळगावात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातीत वाढताना भोगलेला पोलिसांचा जाच 'उचल्या'त लिहिला आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवला. ते पुस्तक अभ्यासाला लावायला काहीच हरकत नाही. त्याच्या जोडीला एक तास वस्तीवरच्या बाईला द्यावा, मानधन देऊन, खुर्चीवर बसवून. झडतीत पालाचं काय होतं, पीठ कुठं सांडतं, लेकरं कुठं लपतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? फक्त तो तास गुणांचा असावा. बिनगुणांच्या तासाला प्रशिक्षणार्थी काय करतात, हे पहाटे पाचला कवायतीला उठलेल्या कुणालाही विचारा.