छप्पनिया आणि केडगाव

जयपूरकडे जुन्या दुष्काळांचा विषय निघाला की 'छप्पनिया'चे नाव येतेच. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. धान्य, पाणी आणि वैरण तिन्ही एकदम तुटली, की राजस्थानात त्याला 'त्रिकाळ' म्हणतात. त्याच दुष्काळात गुजरातही होरपळला आणि तिथल्या निराधार मुली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात आल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आधीपासून रमाबाईंकडे होत्याच. आता वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. ख्रिस्ती श्रद्धा संकटात कोणती आशा देते, हे मला प्रवचनांपेक्षा या वस्तीत अधिक स्पष्ट दिसते. या श्रद्धेच्या मध्यभागी क्रूस आहे, एका निर्दोष माणसाचा छळ करून केलेला वध आहे. तिच्या स्तोत्रसंहितेत देवाला जाब विचारणारी कितीतरी स्तोत्रे आहेत. त्यामुळे दुःख लपवावे लागत नाही. आणि पुनरुत्थानावर भरवसा असल्यामुळे दुःखापाशी सगळे संपले, असेही मानावे लागत नाही. ही आशा माणसाला कामाला लावते.

अशी आशा म्हणजे अफूची गोळी, परलोकाचे आमिष दाखवून माणसाला गप्प बसवणारी, असे म्हणणाऱ्यांनी केडगावचा दिनक्रम पाहावा. तिथे विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, मुली छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि आंधळ्या मुलींची बोटे कागदावरच्या उठावाच्या ठिपक्यांवरून अक्षरे ओळखू लागली. उपाशी, अनाथ आणि त्यात आंधळी, अशा मुलीला त्या काळी कोण वाचायला शिकवत होते?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: भुकेल्याला भाकरीबरोबर धर्म दिला, तर त्याच्या होकाराला किती अर्थ? हा प्रश्न रास्तच आहे. १८९३ साली रमाबाईंच्याच पुण्यातल्या शारदासदनावरून झालेल्या वादात तो वेगळ्या रूपात उठला होता, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. उपाशी पोटाने दिलेला होकार मोकळा असतो, असे मला म्हणवत नाही. पण रमाबाईंचा स्वतःचा विश्वास भुकेतून आला नव्हता. आईवडील त्यांनी १८७४ च्या सुमारास उपासमारीत गमावले. बाप्तिस्मा घेतला १८८३ मध्ये, इंग्लंडात, 'पंडिता' म्हणून नाव झाल्यावर. आणि नंतरही सिद्धांतांवरून तिथल्या धर्मगुरूंशी त्या वाद घालत राहिल्या. करुणेचा मक्ता ख्रिस्ती धर्माकडेच आहे, असाही माझा दावा नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने मुलांसाठी अन्नछत्र चालवले. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. माझे म्हणणे एवढेच, की रमाबाईंना बळ कुठून मिळाले, हे त्या स्वतः सांगतात तेव्हा त्यांचा शब्द मानावा.

या बळाची सर्वांत कठीण कसोटी १९२१ मध्ये लागली. जिच्या हाती संस्था सोपवायची, ती मनोरमाच गेली. खेड्यातल्या बाईलाही कळावे म्हणून हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम तेव्हा अखेरच्या टप्प्यात होते. रमाबाईंनी ते सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळे झालेले होते.